उठून गेलेल्यांचा नाच

“पण मास्तर, त्या संगीतिकेत हा नाच आहेच कुठे?”

मिंगेलमास्तर कोकमाचं सरबत ढवळत राहिले.

एवढं विचारायलाच श्रीरंग केंकरे पुण्याहून वेंगुर्ल्याला आला होता. लहानपणी याच व्हरांड्यात तो मास्तरांकडे व्हायोलिन शिकला. आता त्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता, नाव होतं, आणि त्या नावाची त्याला चांगलीच जाणीव होती.

मास्तरांनी उमेदीच्या काळात एकच संगीतिका रचली. ती पहिल्याच प्रयोगात पडली. तिच्यातून निघालेला नाचाचा एक तुकडा मात्र सगळ्या वाद्यवृंदांनी उचलला. अजूनही तो सुरू झाला की खुर्चीतली माणसं बसल्याबसल्या पाय हलवतात.

“चाल शेवटच्या गाण्याची आहे, ते कळतं,” श्रीरंग म्हणाला. “पण ते तर विरहाचं गाणं. अगदी संथ. तो गलबतातून गेलाय आणि ती धक्क्यावर एकटी उभी आहे. त्याचा नाच कसा होईल?”

“तुला काय वाटतं?”

“तुम्ही नंतर घरी बसून रचला असणार. निवांत. असलं काम गर्दीत होत नाही.”

मास्तरांनी पेला त्याच्यापुढे सरकवला.

“मागच्या महिन्यात तुझा कार्यक्रम झाला म्हणे.”

श्रीरंगचा चेहरा उतरला.

“झाला. माझी नवी रचना होती. लोक मध्येच उठायला लागले. मी वाद्यवृंद चालवायची काठी खाली ठेवली आणि आत निघून गेलो. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी कशाला वाजवायचं?”

मग तो हळूच म्हणाला, “तेव्हापासून काही सुचत नाही, मास्तर...”

मास्तर आत गेले, व्हायोलिन घेऊन आले आणि त्याच्या हातात दिलं.

“नाच वाजव.”

श्रीरंगने डोळे मिटले. हात तयार होता, गज सरसर फिरू लागला. आपण उत्तम वाजवतोय हे त्याचं त्यालाच कळत होतं.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. त्याने डोळे उघडले. मास्तर पायऱ्या उतरून अंगणातून फाटकाकडे चालले होते.

गज थांबला.

“काही चुकलं का?”

“नाही.”

“मग उठलात का?”

“तू थांबलास का?”

“तुम्हीच निघालात! वाजवू कुणासाठी?”

मास्तर फाटकाला टेकून उभे राहिले.

“त्या दिवशी सगळेच निघाले होते,” ते म्हणाले. “शेवटचं गाणं चालू होतं. आधी मागच्या रांगा उठल्या, मग पुढच्या. रंगमंचावर आमची आंजेलीन रडकुंडीला आलेली, तरी गात होती. वादक हात आवरून माझ्याकडे बघायला लागले.”

“मग?”

“मी म्हटलं, हीच चाल. दुप्पट लयीत.”

“रागाने?”

“छे.”

“मग लोकांना थांबवायला?”

“जाणाऱ्याला कोण थांबवतं, बाबा?”

“मग कशाला, मास्तर?”

“लोकांकडे माझी पाठ होती. दिसत काहीच नव्हतं. पावलं तेवढी ऐकू येत होती, त्यांचीच लय धरली...”

नारळीच्या झावळ्या वाजत होत्या. पेल्यातलं सरबत तसंच होतं.

“थांबले का लोक?”

“नाही. नाचत गेले.”

श्रीरंगने व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावलं. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. मास्तरांनी फाटकाची कडी काढली.

“तुम्ही ऐकायला थांबत नाही?”

“पाव आणायला भट्टीपर्यंत चालायचंय रे, लांब आहे... वाजव.”