बेहड्याच्या ढोलीतले पिल्लू

पूर्वी वैजयंती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व काळ्या वानरांच्या कुळात जन्मून त्यांचे नायक झाले. या वानरांच्या तोंडाभोवती करडी आयाळ असे. ती कधी जमिनीवर उतरत नसत. पाणीसुद्धा झाडाच्या खोबणीतले पीत.

राजाने महालाच्या लाकडासाठी डोंगरावरचे रान तोडत आणले. अखेर दोनच बने उरली. फणसांच्या बनात वानरे राहत आणि बेहड्यांच्या बनात धनेश पक्षी. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत शिरून दार चिखलाने लिंपून घेई, फक्त चोचीपुरती फट ठेवी. राजा म्हणाला, "मी निर्दय नाही. जे संख्येने कमी, त्यांचे बन राखीन, दुसरे तोडीन. उद्या मोजणी."

कुरंगी नावाची म्हातारी वानरी लगबगीने सांगत सुटली, "पोरं पोटाशी दडवा गं. एक शेपूट दिसता कामा नये."

पलीकडून धनेश ओरडला, "आमची अंडी चोरता, आता स्वतःची पोरंही चोरता?"

"आणि तू रे? बायको ढोलीत लिंपलेली आहे, तिला धरणार आहेस का मोजणीत?" कुरंगी म्हणाली.

 धनेश ढोलीच्या फटीशी चोच नेऊन हळूच म्हणाला, "उद्या पिल्लाला ओरडू देऊ नकोस."

बोधिसत्त्वांनी हे ऐकले. जगण्यासाठी दोघेही आपलीच लेकरे नाकारू लागले, हे पाहून त्यांचे मन विटले.

सकाळी ते राजाला म्हणाले, "राजन, मोजू नका. बेहडे राहू द्या. ढोलीतल्या मादीची पिसे गळून गेली आहेत, तिला उडता येत नाही. आम्ही फणसांचे बन सोडून चालत जाऊ."

"चाललोय का कधी, बाळा?" कुरंगीने विचारले.

"आज चालू, आजी."

पुढच्या जंगलापर्यंत उघडा माळ होता. वानरांचे पाय मातीत अडखळले. लाकूडतोड्यांची कुत्री मागे लागली. सर्वांच्या मागे असलेले बोधिसत्त्व वळले आणि कुत्र्यांच्या वाटेत बसून राहिले. काही वानरे जंगलात पोहोचली. कुरंगी पोहोचली. ते पोहोचले नाहीत.

पुढे धनेशाचे पिल्लू ढोलीबाहेर आले. बनाभोवती जिथवर नजर जाई, तिथवर खुंटच होते.

ही कथा विहारात जमलेल्यांना सांगून शास्ता म्हणाले, "आज आपापल्या गावची उपासमार मोठी असे म्हणत भांडणारे तुम्ही दोघे, रेवतक आणि सुभगा, तेव्हा धनेश आणि कुरंगी होतात. विहाराच्या दारातली रोपे मुकाट्याने शिंपणारा हा भिक्षू चंडक तेव्हा राजा होता. वानरांचा नायक मीच."

चंडकाने मान खाली घातली आणि रिकामी घागर उचलली.

दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखाशी न तोलता उचलणे, ही करुणा.