खारीची उबदार ढोली

मुलांनो, माळाच्या कडेला एक रान होते. त्या रानातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत एक खार नुकतीच राहायला आली होती. तिला लवकरच पिल्ले होणार होती, म्हणून ती मोठ्या आनंदात होती. पण मार्गशीर्ष लागला आणि कडाक्याची थंडी पडू लागली. ढोली उघडीबोडकी, आत शिरलेला वारा अंगाला झोंबे. थंडी वाजली की खारीला भूक लागे, म्हणून ती शेंग फोडून खाई. जरा ऊब येई, वारा ती घेऊन जाई, की पुन्हा भूक! पौष यायच्या आतच साठवलेल्या शेंगांचा ढीग निम्म्यावर आला. पिल्ले झाल्यावर त्यांना टाकून शेंगा शोधायला जाणार कसे, या विचाराने तिचा जीव धास्तावला.

आंब्याच्या मुळाशी बिळात एक घूस राहत होती. काय करावे असे खारीने तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, थंडीत भूक लागायचीच. आणखी शेंगा आण आणि खात राहा. मी तेच करते." फांदीवरून साळुंकी म्हणाली, "त्यापेक्षा ढोलीला आतून मोरपिसं लाव. साऱ्या रानात तुझ्या घरासारखं घर नसेल."

खार विचार करू लागली. खाल्लेल्या शेंगेची ऊब ढोलीतून बाहेरच जात असेल, तर कितीही शेंगा आणून काय उपयोग? आणि मोरपिसे सुंदर खरी, पण ती ऊब धरून ठेवतील का? हे कळायचे कसे? विचार करता करता तिला एकदम युक्ती सुचली. ती इतकी हरखली, की शेपटी फुलवून बुंध्यावरून सरसर खाली-वर धावतच सुटली.

भर दुपारी तिने उन्हात तापलेले, सुपारीएवढे गोटे निवडले. एक मोरपिसांत गुंडाळला. दुसरा ओढ्याकाठच्या ओल्या शेवाळात ठेवला. माळावरून धनगरांची मेंढरे गेली, की बोरीच्या काट्यांना लोकर अडकून राही. ती थोडी वेचून आणून तिच्यात तिसरा गोटा लपेटला. "शेंगा गोळा करायच्या सोडून दगडांना कपडे घालतेस होय गं?" घूस म्हणाली. खारीचे तिकडे लक्षच नव्हते. ऊन कधी उतरते असे तिला झाले होते.

सूर्य डोंगराआड गेला, गार वारा सुटला. खारीने मोरपिसांतल्या गोट्याला गाल लावला, तो थंडगार होता. शेवाळातला तर त्याहूनही गार. मग तिने लोकरीत पंजा घातला आणि ती तशीच थबकली. तो गोटा अजून कोमट होता!

दुसऱ्या दिवशी उजाडताच खार बोरीवर चढली. अंगाला काटे टोचत होते, पण ती तोंड भरभरून लोकर आणत राहिली. लोकर दाबली की पातळ होते आणि ऊब कमी धरते, हे पाहून तिने ती पिंजून सैल पसरली. तरी वरून मिशांना गार झुळूक लागत होती. शोधले तर छताला एक फट सापडली. तीही तिने सालपटे आणि चिखल भरून बुजवली.

ढोली तयार झाली आणि दोनच दिवसांत रानावर हिमासारखा गारठा उतरला. त्याच गारठ्यात खारीला पिल्ले झाली. इवलीशी, अंगावर केससुद्धा नसलेली. पण ती लोकरीत गुरफटून निवांत झोपली. खारीला आता पूर्वीसारखी सारखी भूक लागत नव्हती. ढीग हळूहळू सरत होता, घाई नव्हती.

एका सकाळी घूस कुडकुडत वर आली. "माझ्या शेंगा संपल्या गं," ती खाली मान घालून म्हणाली.

खारीने तिच्या पुढ्यात शेंग ठेवली. "खा, मावशी. मग आपण दोघी बोरीकडे जाऊ. तुझ्या बिळालाही लोकर लागेल."

घुशीने ढोलीत डोके घातले. आतल्या उबेने तिचे ताठरलेले कान सैल पडले. ती तशीच डोळे मिटून राहिली आणि हातातली शेंग खायची विसरूनच गेली.

तात्पर्य : सारखी नवी ऊब मिळवत बसण्यापेक्षा असलेली ऊब घराबाहेर जाऊ देऊ नये, आणि घरासाठी वस्तू निवडताना तिच्या रूपावर न भुलता तिचा उपयोग आधी पारखून पाहावा.