सरांची मंजुरी

“वेबसाइटच्या उद्घाटनात काही बिघडलंच, तर त्या नव्या नवरीवर ढकला. ती कुठे तोंड उघडते?” विभागप्रमुख घैसाससर दाराआड बोलले, ते शर्वाणीने ऐकलं. गप्प राहते म्हणून सर तिलाच ‘नवी नवरी’ म्हणत. तिची कंत्राटी नोकरी आज पणाला लागली होती.

विभागाची जुनी वेबसाइट तिनेच नव्या प्रणालीत आणली होती. सरांचा हुकूम होता, “माझ्या मंजुरीशिवाय एकही पान दिसता कामा नये!” ती रोज आठवण करी, सर म्हणत, “बघतो.”

कुलगुरूंनी उद्घाटनाचं बटण दाबलं. पडद्यावर नुसता सरांचा हसरा फोटो. “बाकीचा विभाग कुठाय?” कुलगुरूंनी विचारलं.

“या पोरीचा घोळ!” सर कडाडले.

शर्वाणी उठली.

“घोळ नाही, सर. दोनशे पानं तुमच्या मंजुरीसाठी थांबलीत. तुम्ही मंजूर केलंत, ते हे एवढंच.”