सरपंचांच्या जीपचा खोकला

मोटारी एकमेकींशी भांडायच्या, त्या काळातली गोष्ट.

घाटाखालच्या एका गावात इंगवले सरपंचांची जीप होती. घर ते ग्रामपंचायत एवढाच तिचा प्रवास. बाकी वेळ बाई कव्हर पांघरून बसायच्या. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र सगळ्यांत मोठा हिलाच. बसून बसून इंजिनात काजळी साचली आणि ती चालू होताना खोकायला लागली. सरपंचांनी शहरातून काजळी काढणारं औषध आणलं आणि बाटली सीटखाली ठेवली.

"हे डिझेलमध्ये पडलं की मी पुन्हा नवरी!" जीप शेजारच्या दुधाच्या टेम्पोला म्हणाली.

"बाई, त्यापेक्षा एकदा घाट चढून ये," टेम्पो म्हणाला.

"तू हमाल. आमची तब्येत नाजूक असते."

दुसऱ्याच सकाळी टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दूध नासायच्या आत घाटापलीकडच्या डेअरीत पोचायला हवं होतं, म्हणून सरपंचांनी घाईघाईने सगळे कॅन जीपमध्ये चढवले. पहिल्याच वळणावर तिने असा काळा धूर सोडला की कडेची म्हैस शिंकली. कण्हत, शिव्या देत ती चढत राहिली. माथ्यावर पोचेपर्यंत धूर संपला होता आणि खोकलाही.

परतल्यावर ती गरजली, "पाहिलास औषधाचा गुण? घाईत कधी पाजलं तेही कळलं नाही!"

"मी आहेच तशी गुणी," सीटखालून बाटली म्हणाली.

टेम्पो पाटा तुटल्याने वाकलेलाच होता. त्याला बाटली नीट दिसली. तिचं सील जसंच्या तसं होतं.

तो तोंड उघडणार, तोवर जीप कव्हर पांघरून बसलीसुद्धा.