तानूबाईचा पाळणा

आंबेखोर हे डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव. एसटी फाट्यावरच सोडी. पुढे ओढा ओलांडून चालत यावे लागे. या गावच्या दत्तमठात भानामहाराज राहत असत. एकदा इथे आले ते पुन्हा म्हणून ओढ्यापलीकडे गेले नाहीत. महाराजांची रीत जगावेगळी होती. दुपारचा नैवेद्य झाला की दहीभाताचे ताट घेऊन ते समोर बसलेल्या प्रत्येकाला आपल्या हाताने घास भरवीत. "आ कर बाळा," म्हणत. मग तो बाळ नातवंडे झालेला म्हातारा का असेना! आईपुढे कोणाचे वय मोठे असते?

मठाचे सारवण तानूबाई कुंभारीण करी. दत्तजयंतीला तिन्हीसांजेच्या जन्मसोहळ्यात पाळणा म्हणण्याचा मान तिचा. तो महाराजांनीच तिला दिला होता, आणि भजनी मंडळाच्या नरहरबुवांच्या डोळ्यांत तो सलत असे. बुवांचा गळा खरोखर गोड होता. मात्र त्यांच्या जिभेला हाड नव्हते.

एका गुरुवारी घास तोंडात जाताच तानूबाई कळवळली. महाराजांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. जिभेच्या कडेला जखम होती.

"कधीपासून गं?"

"लई दिस झाले म्हाराज. दात लागतुया मेला. मिसरी लावली की जरा बरं वाटतं."

"तीच मिसरी जीभ खातेय तुझी! टाक ती डबी ओढ्यात. आणि उद्याची गाडी धर. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर सांगतील ते सगळं करायचं. मागे हटायचं नाही."

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. जिभेचा कॅन्सर! नरहरबुवा पारावर बसून म्हणाले, "अहो, मठात प्रत्यक्ष दत्त बसलेत ना? मग डॉक्टर कशाला? अंगाऱ्यात दम नाही, म्हणून एसटीचं तिकीट!"

हे महाराजांच्या कानी गेले. ते रागावले नाहीत, उलट मनापासून हसले. "डॉक्टरांच्या हातांत गुण कोणी घातला? बुवांच्या भजनी मंडळाने? दत्त कोणत्या दाराने येतो, हे त्यालाच ठरवू द्या की."

दवाखान्यात डॉक्टरांनी तानूबाईला आणि तिची मुलगी शेवंता हिला समोर बसवून सारे समजावून सांगितले. अर्धी जीभ काढावी लागणार होती. मनगटाजवळचे मांस, कातडी आणि रक्तवाहिनी घेऊन तिथे नवी जीभ घडवायची होती. तानूबाईने जगण्यामरण्याचे काही विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "सायेब, पाळणा म्हणता यील का?"

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "आजी, आधी गिळायला शिकू, मग बोलायला. गाण्याचं मी आज वचन देत नाही. प्रयत्न मात्र आपण दोघं मिळून करू."

शस्त्रक्रिया पार पडली. गावात बुवांना नवा विषय मिळाला. "हाताची जीभ! आता बाई पाळणा हातवारे करून म्हणणार. यंदापासून तो मान आमच्या मंडळाचा समजा."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मठात नैवेद्य झाला. महाराज रोजच्याप्रमाणे घास भरवीत निघाले आणि तानूबाईच्या रिकाम्या जागेपुढे थांबले. हातात दहीभाताचा घास, डोळे मिटलेले. एकाएकी मोठ्याने म्हणाले, "तानू, आ कर! आ कर, मी बघतो!" आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. लोक चपापले. नरहरबुवांनी मात्र शेजाऱ्याला कोपराने डिवचले. "वय झालं महाराजांचं," ते पुटपुटले.

चार दिवसांनी शेवंता कपडे न्यायला गावी आली. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ती रडू लागली. "म्हाराज, तुम्ही आलात म्हणून आई वाचली!"

"महाराज? ते तर इथेच होते," बुवा म्हणाले. पण त्यांना चैन पडेना. पोरीचे खोटे उघडे पाडावे या हेतूने ते तिच्याबरोबर थेट शहरात गेले आणि वॉर्डातल्या सिस्टरांना गाठले.

सिस्टर म्हणाल्या, "आले होते की! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळी. खांद्यावर कांबळं, आणि बोटांना दहीभात लागलेला. मी ओरडलेच, पेशंटला तोंडाने काही द्यायचं नाही! तर म्हणाले, 'देत नाही गं बाई. पण तू एकदा तिच्या तोंडात बघ.' बघते तर नवी जीभ काळीनिळी पडत चाललेली. शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर धावत आले, तसेच परत ऑपरेशनला घेतलं. आणखी उशीर झाला असता तर ती जीभ हातची गेली असती. मागे वळून पाहिलं, तर आजोबा नव्हते."

त्या दुपारी तो दहीभाताचा हात बुवांनी स्वतःच्या डोळ्यांनी मठात पाहिला होता. गावी परतल्यावर ते पारावर फिरकले नाहीत, मठातही मागे खांबाला टेकून बसू लागले.

पुढे तानूबाईला रेडिएशनचे शेक दिले. ते दिवस कठीण होते. तोंड सोलपटून निघाले, नाकातल्या नळीवर महिने काढावे लागले. पण औषध एकही चुकले नाही. नळी निघाल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी जिभेचे व्यायाम शिकवून तिला घरी पाठवले. चारचौघांत तोंड वेडेवाकडे करायला तिला लाज वाटे. तेव्हा रोज सकाळी महाराज तिच्यासमोर बसत आणि स्वतः जीभ बाहेर काढून, डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवत! मठ हसून लोटपोट होई आणि तानूबाईही. घासाची पाळी आली की महाराज तिला चमच्याने पातळ पेज देत. ठसका लागला की पाठीवर हात फिरवून थांबत. हळूहळू पेजेचा मऊ भात झाला.

दत्तजयंती आली. तिन्हीसांजेला फुले उधळली गेली, जन्म झाला. महाराजांनी पाळण्याची दोरी तानूबाईच्या हातात दिली.

"म्हाराज, नगं. शब्द वाकडं येत्यात," ती अडखळत म्हणाली.

"बाळाला शब्द कुठे कळतात? त्याला आईचा आवाज कळतो. म्हण."

तिने सुरुवात केली. "अत्रीच्या अंगणी चांदणं उतरलं..." 'र' कुठे हरवला, 'च' जाडसर आला, पण सूर तोच होता! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या ओळीला मात्र तिची जीभ अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली. दोरी हातात थांबली.

तेवढ्यात मागच्या खांबापासून हलक्या आवाजात "जो जो रे जो" आले. नरहरबुवा होते. ते पुढे येऊन तानूबाईच्या मागे बसले. तिची ओळ त्यांनी घेतली नाही. तिला दम मिळेपर्यंत नुसते ध्रुपद धरून ठेवले. तिची जीभ वळली, ओळ पुरी झाली; बुवांनी पुन्हा ध्रुपद धरले. जन्मभर पुढे बसून गाणारा तो माणूस त्या संध्याकाळी कुंभारणीचा झीलकरी झाला, आणि पाळणा शेवटच्या ओळीपर्यंत तिनेच म्हटला.

पाळणा संपताच बुवांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. "मी फार बोललो महाराज. मला क्षमा करा."

महाराजांनी त्यांना खांद्यांना धरून उठवले. "बुवा, आज तुमचा सूर लागला. पण ही क्षमा माझ्याकडे नाही."

बुवा वळले आणि भरल्या सभेत तानूबाईच्या पायांपाशी वाकले. ती घाबरून मागे सरली, हात जोडू लागली. मग थांबली, आणि नव्या जिभेने सावकाश, पण प्रत्येकाला कळेल असे म्हणाली, "उठा बुवा. परसाद घिऊ."