गिरजाबाईचं घर

एकदा एक नगरपाल आपल्या वृद्ध गुरूंपुढे येऊन बसला. त्याने अगदी हात टेकले होते. नगरीने बेघरांसाठी घरे बांधली, नावानिशी वाटली. पण गृहप्रवेश राजेसाहेबांच्या हातून व्हायचा होता आणि त्यांना सवड काही होईना. तोवर रिकाम्या घरांत भलतेच लोक घुसले. नगरपाल शिपाई नेऊन घरे मोकळी करी, कुलपे ठोकी, वर लाखेची मोहोर लावी. आणि चार दिवसांत कुलूप तुटून आत पुन्हा चूल पेटलेली! ज्यांची घरे, ते मात्र देवळाच्या ओसरीवर. त्यांतल्या गिरजाबाई या म्हाताऱ्या कोष्टिणीला दम्याने गाठले होते. आणखी एक हिवाळा ती उघड्यावर काढील, याची वैद्यालाही आशा नव्हती.

"गुरुदेव, या खेपेला दुप्पट शिपाई नेतो," नगरपाल म्हणाला.

"शिपाई राहू देत. एक बैलगाडी आण."

गुरूंनी गाडीत गिरजाबाईला बसवले, तिचे जाते, हंडा, गोधडी चढवली आणि गाडी थेट तिच्या घरापुढे उभी केली. आत सटवा हमाल बायकोसह ठाण मांडून होता. तो दांडके घेऊनच बाहेर आला. नगरपाल दोन पावले मागे सरला. घर मोकळे नाही, सोबत एक शिपाई नाही, आणि गुरू खुशाल म्हणतात, "गिरजाबाई, उतरा. तुमचं घर आलं."

म्हातारी धापा टाकत उंबऱ्याशी गेली. "लेकरा, जरा बाजूला हो रे. मला टेकू दे."

सटवाचे दांडके खाली आले. "आजी, हे तुझं घर? आम्हाला वाटलं, सरकारी आहे."

"आता कळलं ना कुणाचं ते? मग काय करतोस, बोल," गुरू म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण ते जागचे हललेही नाहीत.

सटवाने वळून बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "म्हातारीला दारात बसवून मला भाकर गोड लागायची नाही. उचला बोचकं."

त्याच गाडीतून गुरूंनी दोघांना धर्मशाळेत पोचवले आणि पुढल्या घरांसाठी सटवाचे नाव नोंदवायला लावले. रांगेत मात्र सर्वांच्या मागे.

परतताना नगरपालाला राहवेना. "गुरुदेव, माझ्या शिपायांना जे जमलं नाही, ते एका म्हातारीला कसं जमलं?"

"तू घर रिकामं करून परत येत होतास. सरकारी कुलूप तोडताना कुणाच्या मनाला टोचणी लागत नाही. पण घराचा धनी समोर उभा राहिला की बहुतेकांचा हात थबकतो. ज्यांचा थबकणार नाही, त्यांच्यासाठी तुझे शिपाई आहेतच, आणि तेव्हा मुळीच कचरू नकोस. पण आधी धनी ने, मग दंडा." लगेच त्यांनी विचारले, "बरं, शेजारचं घर कुणाचं?"

कुलपे नगरपालाला सगळी ठाऊक होती. धनी मात्र गिरजाबाईखेरीज एकही ठाऊक नव्हता. तो मनातून शरमला, गाडीतून उतरला आणि देवळाच्या ओसरीकडे चालू लागला.