थोरल्या पुलीचा खडखडाट

यंत्रंही आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. लाकडाला रंधा मारणाऱ्या एका मशीनवर थोरली आणि धाकटी अशा दोन पुल्या, मायलेकी, एकाच पट्ट्याने फिरत. धाकटी सारखी तापायची. “उद्या हिला भंगारात टाकतो,” मिस्त्री म्हणाला.

थोरली धाकटीवर ओरडली, “किती सांगितलं, दमानं फिर!”

“तिला काय बोलता, बाई?” पट्टा म्हणाला. “स्क्रू तुमचा ढिला झालाय. तुम्ही सरकलात, म्हणून मी तिरका घासतोय तिला.”

थोरली ओशाळली. पण सकाळी मशीन सुरू होताच ती जीव खाऊन खडखडू लागली. पाना घेऊन आलेला मिस्त्री चमकला. त्याने तिला धाकटीच्या रेषेत सरकवलं, स्क्रू आवळला.

“आई, केवढा गोंधळ घातलास!” गार झालेली धाकटी म्हणाली.

“मग? पाना तुझ्याकडे निघाला होता.”